ओगावांच्या फुलांची प्रिंट घेताना

फुलांच्या प्रिंट घेताना आपण जपानी छायाचित्रकार ओगावा काझुमासा (१८६०–१९२९) यांच्या कमळांच्या आणि लिलींच्या छायाचित्रांपासून सुरुवात करत आहात, ही निवड मला योग्य वाटते. १८९० च्या दशकातील ही चित्रे कोलोटाइप पद्धतीने, म्हणजे काचेवरील जिलेटिनच्या थरावरून शाई उमटवून छापलेली होती. ओगावांनी हे तंत्र बॉस्टनमध्ये शिकून घेतले होते.

विक्रेता ‘मूळ प्रत’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी पाकळीची कडा दहापट भिंगाखाली अवश्य पाहावी. कोलोटाइपमध्ये जिलेटिनच्या सुरकुत्यांमुळे वेडीवाकडी, बारीक कणी दिसते. ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ती नंतरची ऑफसेट छपाई समजावी, मग कागद कितीही पिवळा असो (कागद पिवळा करणे काही अवघड नसते).

नवी प्रिंट घेण्यात कमीपणा नाही. मात्र ३० सेंटिमीटर रुंदीच्या चांगल्या प्रिंटसाठी स्कॅनची रुंदी सुमारे ३,५०० पिक्सेल असावी, आणि कागद सुती, बिनचकाकीचा असावा. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र केलेली प्रत मी तरी घेणार नाही, कारण त्या सफाईत फिकट पाकळ्यांच्या कडाच नाहीशा होतात. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नये.