‘सन किंग’मधले ते शब्द कोणत्या भाषेतले?

प्रश्न : बीटल्स या इंग्लिश बँडच्या ‘ॲबी रोड’ (१९६९) या अल्बममधील ‘सन किंग’च्या शेवटच्या तीन ओळी स्पॅनिश समजून मी शब्दकोश उघडला, पण अर्थ लागेना. माझे काय चुकते?

उत्तर : शब्दकोश उघडला, एवढेच. त्या ओळींत स्पॅनिश आणि इटालियन शब्दांचे तुकडे आहेत, ‘पापाराझी’ आहे, ‘पॅरासोल’ आहे आणि मध्येच ‘ओब्रिगादो’ हा आभाराचा पोर्तुगीज शब्दही डोकावतो (गोव्याच्या वाचकांना तो चटकन ओळखू येईल). पण या सगळ्यांचे मिळून वाक्य होत नाही. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनी यांना शाळेत शिकलेले थोडे स्पॅनिश शब्द येत होते. गंमत करता करता तसे ऐकू येणारे शब्द ओवत गेलो, असे त्यांचे बँडमधले साथीदार जॉन लेनन यांनीच सांगितले आहे.

प्रश्न : ‘चिका फर्डी’ हे तरी स्पॅनिश असेल ना?

उत्तर : नाही, ते बीटल्सच्या लिव्हरपूल शहरातल्या पोरांचे चिडवणे आहे. वाकुल्या दाखवताना म्हणायचे, अर्थ विचारायचा नाही.

प्रश्न : अर्थच नसेल तर हा निव्वळ आळस नव्हे का?

उत्तर : लेनन यांनी स्वतः या गाण्याला कचरा म्हटले होते; मला ते पटत नाही. बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्या सांगण्यानुसार फ्लीटवुड मॅक या दुसऱ्या बँडची ‘अल्बाट्रॉस’ ही १९६८ ची शब्दविरहित गिटाररचना डोळ्यांसमोर ठेवून हे गाणे सुरू झाले, म्हणजे मुळात येथे शब्दांची गरज बेताचीच होती. ‘मुचो’, ‘आमोरे’, ‘ओब्रिगादो’ हे शब्द स्वरांत संपतात, त्यामुळे एकावर एक रचलेले आवाज व्यंजनांवर न अडखळता एकमेकांत मिसळतात. आपल्याला येथे तराणा आठवणे साहजिक आहे, मात्र तराण्यातले ‘तनन’ बहुधा नादासाठीच ऐकले जाते, तर येथे रोजच्या वापरातल्या शब्दांचा अर्थ काढून घेऊन फक्त नाद शिल्लक ठेवला आहे. ऐकणाऱ्याला काहीतरी कळल्यासारखे वाटत राहते, आणि माझ्या मते गाण्याची खरी खोडी तीच आहे.

प्रश्न : गाणे पुरते संपण्याआधीच पुढचे का सुरू होते?

उत्तर : २४ जुलै १९६९ रोजी ‘सन किंग’ आणि ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ एकाच सलग वादनात ध्वनिमुद्रित झाली, म्हणून रिंगो स्टार यांच्या ड्रमवरून आपण थेट दुसऱ्या गाण्यात उतरतो.