जुना नकार नव्या अर्जात लिहायचा का?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा. 19 वर्षं न्यू जर्सीत आहे, आता अमेरिकेचा नागरिक आहे. माझं दारूचं दुकान आहे, रात्री रोकड घेऊन बँकेत जावं लागतं. 2019 मध्ये जवळ पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. गावच्या पोलीसप्रमुखांनी ‘गरज सिद्ध होत नाही’ म्हणून तो फेटाळला. आता सुप्रीम कोर्टाने ती अटच रद्द केली आहे. मित्र म्हणतो, नव्या अर्जात जुन्या नकाराबद्दल काही लिहू नको. 2021 मध्ये मुलाशी जोराचं भांडण झालं, तेव्हा शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. केस झाली नाही. भाचा विद्यार्थी व्हिसावर आमच्याकडे राहतो. मी काय करावं?

उत्तर : सर्वात आधी, मित्राचं ऐकू नका. अर्जात स्पष्ट विचारलेलं असतं, ‘तुमचा परवाना किंवा अर्ज पूर्वी कधी नाकारला आहे का?’ तुमचं उत्तर ‘हो’ आहे. तिथे ‘नाही’ लिहिलंत तर जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याबद्दल अर्ज फेटाळला जाईल आणि वर फौजदारी गुन्हाही दाखल होऊ शकेल. जो नकार आज तुम्हाला अडवू शकत नाही, तो लपवल्यामुळे अडकू नका.

निकालाने नेमकं काय बदललं ते सांगते. 23 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘ब्रुएन’ खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी न्यूयॉर्कची ‘विशेष कारण दाखवा’ ही अट घटनाबाह्य ठरवली. न्यू जर्सीत ‘जस्टिफायेबल नीड’ नावाची तशीच अट होती. तुमच्याच जिवाला नेमका धोका आहे, थेट धमकी आली आहे किंवा आधी हल्ला झाला आहे, असं दाखवावं लागे. गल्ल्यात रोकड असते एवढं कारण पुरत नसे, म्हणून तुमचा अर्ज पडला. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी राज्याच्या अॅटर्नी जनरलनी पोलिसांना ही अट लावणं थांबवायला सांगितलं.

म्हणजे ‘परवाना कशासाठी हवा?’ यावर आता पोलीसप्रमुख तुम्हाला अडवू शकत नाहीत. पण ‘हा माणूस कोण आहे?’ हे तपासायचा अधिकार त्यांच्याकडे पूर्ण शाबूत आहे. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचा घोळ इथेच होतो. त्यांना वाटतं, आता फॉर्म भरला की परवाना घरी येतो. त्याच निकालात कोर्टाने म्हटलं आहे की पार्श्वभूमी तपासणं, प्रशिक्षण मागणं यात गैर काही नाही. परवान्यासाठी फार ताटकळत ठेवलं किंवा अवाच्या सवा फी लावली, तर मात्र दाद मागता येईल.

डिसेंबर 2022 मध्ये न्यू जर्सीने नवा कायदा केला. फी 50 वरून 200 डॉलर झाली, प्रशिक्षण सक्तीचं झालं. नात्यात नसलेल्या, तुम्हाला किमान 3 वर्षं ओळखणाऱ्या 4 जणांची नावं द्यावी लागतात. व्याही, साडू चालणार नाहीत. मराठी मंडळातले जुने स्नेही चालतील. त्यांना आधी कल्पना द्या, कारण पोलीस त्यांच्याकडे चौकशी करतात.

तुमच्या अर्जात खरी नाजूक गोष्ट 2021 चा तो प्रसंग आहे. शस्त्र हाती देण्यासाठी लागणारा स्वभाव या माणसाकडे नाही, असं वाटलं तर पोलीसप्रमुख अर्ज नाकारू शकतात. हे कलम 2023 मध्ये राज्याच्या अपील कोर्टाने ब्रुएननंतरही वैध ठरवलं. अटक नाही, केस नाही, तरी तुमच्या घरी गाडी आल्याची नोंद त्याच पोलीस ठाण्यात आहे आणि अर्ज वाचणारे अधिकारीही तिथलेच. म्हणून त्या नोंदीची प्रत मागून घ्या. एका पानावर लिहून द्या : वाद कशावरून झाला, कुणी हात उचलला का, पोलीस काय सांगून गेले, आज मुलाशी संबंध कसे आहेत. जसं घडलं तसंच लिहा. घरगुती हिंसाचारावरून कोर्टाचा संरक्षण आदेश तुमच्याविरुद्ध निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. तसा आदेश असलेल्या माणसाला शस्त्रापासून दूर ठेवता येतं, हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये ‘रहिमी’ खटल्यात मान्य केलं आहे.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. पिस्तूल तुम्ही रीतसर खरेदीच्या परमिटवर (ते बाळगण्याच्या परवान्याहून वेगळं) घेतलेलं असेल, तर स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या दुकानात ते ठेवायला बाळगण्याचा परवाना लागतच नाही. घर ते दुकान नेतानाही ते गोळ्या काढून बंद पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत ठेवलंत की चालतं. परवाना लागतो तो बँकेच्या वाटेसाठी. तो नसताना कमरेला पिस्तूल लावून निघालात, तर इथे तो दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, 5 ते 10 वर्षांची कैद. परवाना मिळाल्यावरही शाळा, कोर्ट अशा ठिकाणी बंदी आहेच. बाकी ठिकाणांच्या यादीवर 2023 पासून कोर्टांत स्थगिती देणं आणि उठवणं चाललं आहे. म्हणून बाहेर पडण्याआधी त्या दिवशी लागू असलेली यादी बघा. न्यूयॉर्कमध्ये हा परवाना चालत नाही.

भाच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. मोजके अपवाद सोडले तर विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने शस्त्र जवळ ठेवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्यात व्हिसा तर जाईलच. ‘मामाचं आहे, जरा हातात घेऊन बघतो’ हेसुद्धा नको. पिस्तूल लोखंडी पेटीत, किल्ली फक्त तुमच्याकडे. ती देवघरात किंवा फ्रिजवर ठेवू नका. तो दुकानात मदतीला येत असेल तर तिथेही हाच नियम.

अर्जावर 90 दिवसांत निर्णय व्हायला हवा. सबळ कारण असेल तर तुम्हाला लेखी कळवून आणखी 30 दिवस घेता येतात. नकार आलाच तर त्याची कारणं लेखी घ्या आणि 30 दिवसांच्या आत सुपीरियर कोर्टात सुनावणीची मागणी दाखल करा. ही मुदत चुकवू नका. नकाराचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी वकिलाला फोन करा.