माकडहाडावरचा लाल डाग

प्रश्न : धाकट्या भावाला अपघातानंतर कमरेखाली संवेदना नाही. त्याचं सगळं मीच करते. माकडहाडावर लाल डाग दिसतोय. पावडर लावून चोळू का?
– एक बहीण, धनकवडी

उत्तर : ताई, अजिबात चोळू नका. बोटानं हलकं दाबून बघा. लाली तशीच राहिली तर ती दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे, नर्सला आजच घरी बोलवा. तोवर त्या जागेवर भार नको. भोकाची रबरी रिंग तर नकोच, तिच्या कडेनं रक्तपुरवठा अडतो. दर 2 तासांनी कूस बदला, एअर बेड असला तरी. सिंहगड रोडच्या एक आई कॅलेंडरवर वेळा लिहायच्या. वर्षभर मी त्यांच्याकडे जात होते, त्यांच्या लेकराला एकही जखम झाली नाही. आणि रात्रीची एक पाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला द्याच. तुमचीही झोप व्हायला हवी.