वाचकांचे प्रश्न : शहराच्या पॉडकास्टवरचा गलका

प्रश्न : शहराच्या कारभारावर आम्ही पॉडकास्ट करतो. तीन पाहुणे टेबलाभोवती बसवले की आवाज पोकळ येतो आणि वाद रंगला की कोण काय बोललं ते कळत नाही. महागडे माइक घ्यावेत का?

उत्तर : आधी बैठक बदला. एकाच माणसाचा आवाज दोन माइकमध्ये किंचित मागेपुढे पोहोचतो, ते दोन्ही एकत्र मिसळले की काही कंपनं एकमेकांना खोडतात. पोकळपणा येतो तो त्यामुळे. तोंड माइकपासून जेवढं लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये हवं. म्हणजे तोंड 10 सेंमीवर असेल तर दोन माइक एकमेकांपासून 30 सेंमीपेक्षा जवळ नकोत. मीटरभर अंतर मिळालं तर उत्तमच. डायनॅमिक कार्डिऑइड माइक (कमी संवेदनशील, मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून प्रत्येक माइकची पाठ समोरच्या पाहुण्याकडे करा. कंडेन्सर माइक जास्त संवेदनशील असतात, खोलीतला घुमणारा आवाजही पकडतात; उघड्या भिंतींच्या खोलीत ते टाळलेलेच बरे.

प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घ्या. रेकॉर्डिंगची पातळी ठरवताना ‘हॅलो, एक-दोन-तीन’ म्हणायला लावू नका, कारण खऱ्या वादात तोच माणूस दुप्पट आवाज चढवतो. पाणीपट्टी वाढवावी का, असं काहीतरी विचारा आणि तावातावाने बोलताना आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) आसपास राहील असं बघा. संपादनात जो बोलत नाही त्याचा ट्रॅक खाली ओढा. दोघं एकदम बोलले तर ते पुढे सुटं करणं फार कठीण. म्हणून निवेदकाने तिथल्या तिथे थांबवावं आणि नाव घेऊन पुन्हा विचारावं. ऐकणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे नावं वारंवार यायलाच हवीत.

प्रश्न : मुलाखत झाल्यावर एका नगरसेवकाने एक विधान काढायला सांगितलं. ऐकावं का?

उत्तर : विधानाने तिसऱ्याच कुणाची खासगी माहिती उघड होत असेल किंवा कुणाला धोका असेल, तर काढा. आकडा चुकला असेल तर दुरुस्ती त्यांच्याच आवाजात घ्या. केवळ अडचणीचं झालं म्हणून मात्र काढू नका. पुढच्या भागात बाजू मांडायची संधी द्या. हा नियम बोलणं सुरू होण्याआधी सांगा आणि त्यांचा होकार रेकॉर्ड करा. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कधीही जोडू नका. मूळ, न कापलेली फाइल जपून ठेवा. तक्रार आली तर तोच पुरावा.

प्रश्न : वेगवेगळ्या समाजांतले पाहुणे येतात, पण सगळे तेच तेच बोलतात. असं का?

उत्तर : त्यांना फक्त ‘विविधता’ या विषयावर बोलावलं जातं म्हणून. बस, घरभाडं, कचरा यांवरच्या भागांत त्यांना बोलवा. व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईंना ‘कसं वाटतं?’ विचारून काय मिळणार? घरापासून बसथांब्यापर्यंत चाक कुठे अडतं, तिथे पायरी किती उंच आहे, मग त्या कुठून वळसा घेतात, हे विचारा. शहर त्यातून ऐकू येतं.

नाव त्यांनाच उच्चारायला सांगा आणि तसंच म्हणा. बोलीतला हेल, अडखळणं कापून गुळगुळीत करू नका; आवाज स्वच्छ करण्याचा फिल्टर जास्त झाला तरी शब्दांचे शेवट खाल्ले जातात. पाहुणा दुसऱ्या भाषेत बोलला तर मूळ आवाज दोन-तीन सेकंद पूर्ण ऐकू द्या, मग तो खाली नेऊन वर भाषांतर ठेवा आणि शेवटचं वाक्य पुन्हा त्यांच्याच आवाजात मोकळं सोडा.