‘बाबा, हे कारकुनाचं काम आहे’

पत्र : मुलगा कम्प्युटर इंजिनिअर झाला. हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा महिने इंटर्नशिप केली. त्याला एथिकल हॅकिंगमध्ये, म्हणजे कंपनीच्या परवानगीने तिच्या सिस्टिममधल्या फटी शोधण्याच्या कामात जायचंय, पण कायमच्या नोकरीची ऑफर आली ती ‘ॲक्सेस गव्हर्नन्स’ विभागातली. ‘कोणाला कसली परवानगी आहे त्याच्या याद्या दिवसभर बघायच्या. बाबा, हे कारकुनाचं काम आहे,’ असं म्हणून तो ऑफर नाकारायला निघालाय. मी एका सहकारी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. कम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. त्याला काय सांगू?
– एक वडील, सहकारनगर, पुणे

सप्रेम नमस्कार.

कम्प्युटरमधलं कळत नाही म्हणता, पण या विषयातलं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं तुमच्या मुलाला कळायला अजून काही वर्षं जातील. स्ट्राँगरूमची तिजोरी तुम्ही एकट्याने कधी उघडलीत का? एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. रजेवर जायचं तर आधी रजिस्टरवर सही करून किल्ली ताब्यात द्यायची. व्हाउचर एकाने लिहायचं, पास दुसऱ्याने करायचं. पुढे संगणक आले तेव्हा त्यालाच सगळे मेकर-चेकर म्हणू लागले. मुलाच्या कंपनीत याला ‘सेग्रिगेशन ऑफ ड्यूटीज’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘एसओडी’. अर्थ तोच: जोखमीचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातात ठेवायचं नाही.

त्याच्या रोजच्या कामात हे कुठे येईल ते सांगतो. ज्याने प्रोग्राम लिहिला, त्यानेच तो तपासून ग्राहकांच्या चालू सिस्टिमवर चढवायचा नाही. दुसऱ्याने वाचून मंजुरी द्यायची. जो सर्व्हरचा ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार हातात असलेला व्यवस्थापक आहे, त्याला स्वतःच्या हालचालींची नोंद पुसता येता कामा नये. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत हिशेब एसएपी या सॉफ्टवेअरवर चालतात. तिथे नवा पुरवठादार सिस्टिममध्ये घालणारा आणि त्याचं बिल मंजूर करून पैसे सोडणारा एकच असेल, तर खोटा पुरवठादार उभा करायला एक दुपार पुरते. माहिती-सुरक्षेच्या आयएसओ २७००१ या मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र कलम आहे. म्हणून या याद्या बघाव्या लागतात.

यादी न बघितल्याने काय होतं, त्याचा एक मोठा दाखला बेअरिंग्ज बँकेचा. १७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ही बँक. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन हा तरुण सौदेही करायचा आणि त्या सौद्यांची नोंद-जुळणी करणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा झाला की ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवायचा. १९९५च्या फेब्रुवारीत सगळं उघडकीला आलं तेव्हा तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेला होता. बँक बुडाली आणि नाममात्र एका पौंडाला विकली गेली. तुम्ही काउंटरवर बसलेले आहात, तुम्हाला यातली चूक पहिल्याच वाक्यात दिसली असेल. मुलाला ही गोष्ट सांगून बघा, त्याला ती कितव्या वाक्यात दिसते.

आपल्या मातीत ही समज फार जुनी आहे. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी नि हिशेब सबनीसाकडे, धान्याचं आणि सामानाचं कोठार कारखानीसाकडे. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये, ही त्यामागची योजना. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना हे आपल्या लक्षात येत नाही, पण सबनीस आणि कारखानीस ही आडनावं आजही पुण्यात पाट्यांवर दिसतात.

आता एक माझं स्वतःचं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी एका कारखान्यात पर्सोनेल म्हणजे कर्मचारी विभागात होतो. तिथे नव्या कामगाराचं नाव चढवणं आणि पगाराची बँकेला जाणारी फाइल बनवणं, दोन्ही एकाच माणसाकडे होतं. दिवाळीला पगाराच्या यादीवरून मिठाईची खोकी वाटली, तर दोन खोकी उरली. घ्यायला कोणी आलंच नाही. शोध घेतला तेव्हा कळलं, की नोकरी सोडून गेलेल्या दोन कंत्राटी कामगारांचा पगार सात महिने निघत होता. ती टेबलावर उरलेली खोकी मला अजून दिसतात. पण त्याहून जास्त आठवतो तो शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याचा यात काडीचाही संबंध नव्हता. फक्त सोय म्हणून त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर मॉनिटरला चिकटवलेला असायचा, आणि अर्ध्या नोंदी त्याच्या नावाने निघाल्या. त्याची चौकशी कित्येक आठवडे चालली. कामं वेगळी असती आणि प्रत्येकाचा पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे असता, तर त्या सज्जन माणसाला सिद्ध करण्यासारखं काही उरलंच नसतं. म्हणून ‘माझे अधिकार काढले, माझ्यावर विश्वास नाही’ असं कोणी म्हणालं की मला त्याची चिठ्ठी आठवते.

आता ऑफरचं. डोळे मिटून घ्या असं मी म्हणणार नाही. काही कंपन्यांत हे काम खरोखरच नुसतं ‘ॲप्रूव्ह’ दाबण्याचं असतं. तिमाहीला एक्सेलची शीट येते, मॅनेजर न वाचता सगळ्यांवर टिक करतो. तसं असेल तर दीड वर्षात मुलगा गंजेल. सही करण्याआधी त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. कोणते दोन अधिकार एका हाती नसावेत याचे नियम ठरवण्यात त्याचा सहभाग असेल का? टीम लहान असल्यामुळे जिथे विभागणी शक्यच नाही, तिथे पर्यायी तपासणी काय करतात? आणि त्याने एखाद्या वरिष्ठाचा अधिकार काढायला सांगितला, तर त्याच्या मागे कोण उभं राहील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी तरी ती नोकरी घेणार नाही.

उत्तरं बरी आली तर घ्यावी. हॅकिंगचं दार यामुळे बंद होत नाही. एखाद्या साध्या खात्यावरून ॲडमिनपर्यंत कसं पोचायचं, हेच तर हल्लेखोर शोधत असतो, आणि ते रस्ते तुमच्या मुलाला रोज याद्यांत दिसतील. सोबत डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल आणि थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की करावी, म्हणजे याद्या हाताने तपासाव्या लागणार नाहीत. पुढे ऑडिटकडे ओढा वाटला तर आयसाका संस्थेची सिसा ही संगणक-यंत्रणांच्या ऑडिटची परीक्षा आहे. ती अनुभवाआधी देता येते, प्रमाणपत्राला मात्र साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो, शिक्षणासाठी त्यात काही सूट मिळते. संस्थेची शाखा पुण्यातही आहे. पण हे पहिल्या वर्षी नको, आधी काम समजू दे.

त्याने ऑफरला उत्तर देण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा. कॅश जुळली नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलं, असा एखादा दिवस तुम्हाला आठवत असेलच. तो त्याला सगळा सांगा, आणि त्या रात्री दुसरी किल्ली कोणाकडे होती, तेही सांगा.