जठराच्या पेशींची शिवण उसवते तेव्हा

प्रश्न : वडिलांच्या बायॉप्सीत 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह, इंटेस्टायनल मेटाप्लेझिया' असं आलं. १४ दिवसांचा कोर्स झाला, आता त्रास नाही. मग पुन्हा तपासणी कशाला? आणि नुसत्या सुजेतून कॅन्सर होतो तरी कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तपासणी कराच. जळजळ ॲसिडच्या गोळीनंही थांबते, एच. पायलोरी हा जंतू मात्र जठरात तसाच राहू शकतो.

जठराच्या अस्तरातल्या पेशी प्रथिनांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरच्या कडेला क्लॉडिन प्रथिनांची घट्ट शिवण ॲसिडला आत झिरपू देत नाही. तिच्याखाली ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशीला धरून ठेवतं. एच. पायलोरीचं एचटीआरए हे विकर (एन्झाइम) नेमकं ई-कॅडहेरिन कापतं. ज्या जातींकडे कॅगए प्रथिन असतं, त्या ते पेशीत घुसवून शिवणही विस्कटतात. फटींतून जंतूचे अंश आत गेले की पांढऱ्या पेशी धावून येतात, आयएल-१ बीटासारखी दाहक रसायनं सोडतात आणि शिवण आणखी सैल होते. इकडे ई-कॅडहेरिनला बांधलेलं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन सुटून केंद्रकात जातं व पेशीला वाढत राहायला लावतं. असं वर्षानुवर्षं चाललं की ग्रंथी झिजतात, मग मेटाप्लेझिया (जठराचं अस्तर आतड्यासारखं होणं), डिसप्लेझिया (पेशी बिघडणं, कॅन्सरच्या आधीची पायरी) आणि काही थोड्या जणांत कॅन्सर. बहुतेकांत गाडी तिथवर जात नाही, हे वडिलांना जरूर सांगा.

कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासावरून जंतू ओळखणारी चाचणी) करा. त्याआधी ४ आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नको. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून २ आठवडे बंद ठेवा. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. रक्तातली अँटिबॉडी चाचणी इथे कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. मेटाप्लेझिया जठराच्या खालच्या भागापुरता आहे की वरही पसरलाय, हे बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये पाहा. दोन्हीकडे असेल तर साधारण दर ३ वर्षांनी एंडोस्कोपी. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर त्याहून लवकर.

प्रश्न : काकांचा जठराचा कॅन्सर पसरलाय. 'क्लॉडिन १८.२ पॉझिटिव्ह' म्हणजे वाईट का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, त्यामुळे उपचाराचा एक मार्ग उघडतो. एरवी शिवणीत दडलेलं हे प्रथिन गाठीतल्या पेशींची मांडणी बिघडल्यावर उघडं पडतं आणि झोलबेटुक्सिमॅब हे औषध त्यालाच चिकटतं. प्रयोगशाळेत गाठीच्या किमान ७५ टक्के पेशींवर या प्रथिनाचा मध्यम ते गडद रंग दिसला आणि हर-२ (गाठीत तपासलं जाणारं दुसरं प्रथिन) निगेटिव्ह असेल, तर ते केमोसोबत देतात. पहिल्याच सलाईनला उलट्या फार होतात, कारण निरोगी जठरातही हे प्रथिन असतं. उलटीची औषधं आधीच द्यायला आणि सलाईन हळू सोडायला सांगा.