ट्रोलिंग मोटर फक्त पाचव्या स्पीडवर चालते आणि अर्ध्या तासात दमते. मोटर गेली का? नवी घ्यायची तर किती पौंडांची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ फुटी फायबरची होडी, दोघे जण, गळाने मासेमारी. मित्राकडून घेतलेली जुनी १२ व्होल्टची, ५५ पौंड रेट्याची ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी, बॅटरीवरची छोटी मोटर) पाचव्या स्पीडवर फिरते, एक ते चारवर हूं की चूं करत नाही, आणि अर्ध्या तासात दमते. ती टाकून नवी घ्यावी का?

टाकू नका, निदान इतक्यात तरी. मोटरच जळली असती तर पाचवरही फिरली नसती. जुन्या पाच स्पीडच्या मोटरमध्ये एक ते चारवर वीज कॉइलमधून जाते. कॉइल थोडं व्होल्टेज खाते, उरलेलं मोटरला मिळतं, म्हणून पंखा हळू फिरतो. पाचवर कॉइल बाजूला राहते आणि बॅटरी थेट मोटरला जोडली जाते. त्यामुळे तुम्ही सांगताय ते लक्षण दिसलं की दोष कॉइलमध्ये असतो, नाहीतर स्पीडच्या स्विचमध्ये. दोन्ही बदलता येतात.

अर्ध्या तासात दमण्याचा संबंधही बहुतेक इथेच आहे. बाकीचे स्पीड बंद म्हणून तुम्ही सतत पाचवरच चालवताय, आणि तिथे ५५ पौंडांची मोटर साधारण ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर दोन तास चालेल. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून इतका करंट एकदम ओढला की ती पूर्ण क्षमता देत नाही, आणि दर खेपेला निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. बॅटरी गाडीची असेल तर विषयच संपला. तिच्या प्लेटा पातळ असतात, स्टार्टरला दोन-चार सेकंद जोराचा करंट द्यायला बनवलेल्या. इथे डीप सायकल, म्हणजे बराच वेळ सतत करंट देणारी आणि खोलवर उतरवली तरी टिकणारी, बॅटरीच लागते.

आता मल्टिमीटर घ्या. होडी घट्ट बांधा, पंखा पाण्यात असू द्या. पाण्याबाहेर मोटरवर भारच येत नाही, मग सगळे आकडे छान दिसतात आणि आपण फसतो. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी उरली. मग पाचव्या स्पीडला चालू करून बॅटरीच्या टोकांवर पुन्हा मोजा. थोडं उतरणारच, पण काही मिनिटांत १०.५ च्या खाली गडगडलं तर बॅटरी थकली आहे.

तिसरं मोजमाप बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं. मोटर चालू असतानाच मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या खांबावर आणि दुसरी प्लसचीच वायर मोटरपाशी जिथे जोडली आहे तिथे लावा. जे व्होल्ट दिसतील ते वाटेत वाया जाताहेत. मायनसलाही तसंच करा. एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर बारीक आहे किंवा जोड खराब आहे. ५० अँपिअरला ०.०२ ओहमचा खराब जोडसुद्धा एक व्होल्ट खातो आणि त्या एवढ्याशा जागी ५० वॅटची उष्णता तयार होते.

हे मी अनुभवाने शिकलो. माझी मोटर अशीच मंदावायला लागली तेव्हा मी नवी घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. परतल्यावर बॅटरी सोडवायला प्लसच्या पंखनटाला (हाताने आवळायच्या कानवाल्या नटाला) हात लावला आणि चटका बसला. नट सैल होता, लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) पांढरट-हिरवट थर साचलेला, शेजारचं प्लास्टिक मऊ झालेलं. लग बदलला, खांब घासून चकचकीत केला, पंखनटाऐवजी साधा लॉकनट पान्याने आवळला, आणि तीच मोटर पुन्हा पहिल्यासारखी ओढू लागली. तुम्हीही पाच मिनिटं चालवून मोटर बंद करा आणि प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन बघा. जो गरम, तो चोर.

एवढ्यावर भागलं नाही तर बॅटरीची वायर काढून पंखा उघडा. वायर जोडलेली असताना पंख्याला हात लावायचा नाही, स्विच बंद असला तरी. पंख्यामागे शाफ्टला तंगूस गुंडाळलेली सापडते. ती हळूहळू सील कापते, पाणी आत शिरतं, आणि मग मात्र मोटर खरोखर जाते. दर तीन-चार खेपांनी मी पंखा काढून बघतोच. मोटर फिरते पण होडी हलत नाही असं कधी झालं तर बहुतेक शिअर पिन, म्हणजे पंखा शाफ्टला धरून ठेवणारी छोटी पिन, तुटलेली असते. ती आणि तिचा पाना कायम सोबत ठेवा.

तरीही नवी घ्यायचीच झाली तर भरलेल्या होडीचं वजन धरा: होडी, माणसं, बॅटरी, नांगर, सामान. तुमचं ३५० किलोच्या आसपास भरेल. दर ४५ किलोला किमान २ पौंड थ्रस्ट (रेटा) हा प्रचलित हिशेब, म्हणजे सुमारे १६ पौंड. पण तो आकडा शांत पाण्याचा आहे. समोरून वारा आणि उलटा प्रवाह असताना परत येता आलं पाहिजे, म्हणून मी ४५ ते ५५ पौंडांचीच घेईन. त्यापुढच्या मोटरला सहसा २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात, आणि तुमच्या होडीला ते ओझं नको. जास्त पौंड घेतले म्हणून होडी पळत नाही. वाऱ्यात रेटा टिकतो, एवढंच.

स्पीड कॉइलचा नको, पीडब्ल्यूएमचा घ्या, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारा. त्यात व्होल्टेज उष्णतेत वाया जात नाही, हळू चालवताना बॅटरी कितीतरी जास्त टिकते, आणि गळ टाकून फिरताना आपण हळूच तर चालवतो.

शाफ्टची लांबी लोक बघतच नाहीत. होडीत नेहमीचं वजन ठेवून मागच्या फळीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत मोजा आणि त्यात ५० सेंमी मिळवा. मोटर नाळेवर बसवणार असाल तर तिथून मोजा, लाटा असतील तर १०-१५ सेंमी आणखी. शाफ्ट आखूड पडला की पंखा हवा ओढतो, नुसता फेस होतो आणि होडी जागची हलत नाही.

जुनी असो वा नवी, बॅटरीजवळ प्लसच्या वायरवर मोटरच्या माहितीपत्रकात दिलेल्या अँपिअरचा ब्रेकर बसवाच. पंख्यात काही अडकलं की करंट भसकन वाढतो आणि वायर पेटू शकते. वल्ही आणि लाइफ जॅकेट होडीत हवीतच.

बॅटरीवर काय लिहिलंय आणि वरचे तीन आकडे, म्हणजे उभ्या बॅटरीचे व्होल्ट, भारावरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसच्या वायरींवर वाया जाणारे व्होल्ट, एवढं इथेच कळवा. कॉइल आधी तपासायची की बॅटरी, ते लगेच सांगता येईल.